मोचे भांड्यांच्या नोंदी: तोटी, प्याला आणि शिट्टी

९ जून

स्टुडिओतल्या प्रदर्शनाच्या फलकांचा आराखडा आज ठरला. ‘अँडीजमधली प्राचीन मातीची भांडी आणि त्यांतली धार्मिक प्रतीकं’ हे मूळ नाव भारदस्त आहे, पण पाच फलकांत मावणारं नाही. इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून पेरू-बोलिव्हिया सीमेवरच्या तितिकाका सरोवरापर्यंतचा पट्टा आणि तीन हजारांहून जास्त वर्षं! सगळं थोडं थोडं दिलं की लोक हातात हात घालून फिरतात, ‘किती छान रंग’ म्हणतात आणि चहाकडे वळतात.

म्हणून मुख्य विषय एकच, मोचे लोक. पेरूचा उत्तर किनारा, साधारण इ. स. १०० ते ८००. वाळवंट, त्यातून समुद्राकडे धावणाऱ्या लहान नद्या, नद्यांवरून काढलेले कालवे आणि कालव्यांच्या कडेला कच्च्या विटांचे डोंगराएवढे चौथरे. आजच्या त्रुहियो शहराजवळ त्यातले दोन उभे आहेत, वाका देल सोल आणि वाका दे ला लूना. लिपी नव्हती. जे सांगायचं ते भिंतींवर, धातूत, विणकामात आणि सर्वांत जास्त मातीत सांगितलं.

मोचे निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. या लोकांनी भांड्यावर भांड्याचाच वापर चितारून ठेवला. कोण कोणाला प्याला देतंय, प्याल्यात काय आहे, शेजारी कोण उभं आहे, सगळं. प्रतीकाचा अर्थ हवेतून काढावा लागत नाही. निदान काही ठिकाणी तरी.

१३ जून

दिवसभर लीमाच्या लार्को संग्रहालयाची ऑनलाइन सूची चाळली. जवळपास ४५ हजार वस्तू आणि बहुतेकांचे फोटो कोणालाही बघता येतात. राफाएल लार्को ओइले यांनी १९२६ मध्ये हे संग्रहालय चिक्लीन इथल्या कुटुंबाच्या ऊसमळ्यावर सुरू केलं, नंतर ते लीमाला आलं.

मोचे भांडं म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती रिकिबीच्या आकाराची तोटी. बाटलीच्या खांद्यातून दोन नळ्या निघतात, कमान करून वर एकमेकींना भेटतात आणि तिथून एकच तोटी सरळ उभी राहते. ही कमान मोचेंनी शोधलेली नाही, त्यांच्या हजारभर वर्षं आधीच्या कुपिस्निके लोकांच्या भांड्यांवर ती आहे. मोचेंनंतर त्याच किनाऱ्यावरच्या चिमू लोकांच्या काळ्या भांड्यांवरही ती टिकली. चित्रं बदलली, देव बदलले, राज्यं बदलली आणि ही अवघड, करायला त्रासदायक, भरायला त्याहून त्रासदायक तोटी तशीच राहिली. सोयीसाठी एवढं कोणी जपत नाही.

लार्कोंनी १९४८ मध्ये या तोटीच्या काठावरून मोचे काळाचे पाच टप्पे पाडले. पहिल्यात काठाला ठळक कंगोरा, तिसऱ्यात तोंड किंचित पसरट, चौथ्यात तोटी उंच आणि सरळ, पाचव्यात वर निमुळती. पुढच्या उत्खननांतून दिसलं की ही मांडणी दक्षिणेकडच्या खोऱ्यांना बरी लागू पडते, उत्तरेकडे नाही. तरी फलकावर हे पाच काठ रेषाचित्रात द्यायचेच. कुंभारकाम करणाऱ्या माणसाला काठ बघायला आवडतो.

१८ जून

प्रतिकृतीला हात घातला. अँडीजमध्ये स्पॅनिश लोक येईपर्यंत कुंभाराचं चाक नव्हतं आणि काचेसारखी ग्लेझही नव्हती. भट्टी सांभाळणारे काका हे ऐकून म्हणाले, “चाक नाही आणि हे? मग तुम्ही पण चाकाला हात लावायचा नाही.” मान्य.

मोचे कुंभार भाजलेल्या मातीचे दोन भागांचे साचे वापरत. चिकामा खोऱ्यातल्या सेरो मायाल इथे त्यांचा मोठा कारखानाच उकरून काढला आहे, साचे आणि फुटक्या मालासकट. साच्यामुळे एकच चेहरा पुन्हापुन्हा काढता येई. वरच्या ओठावर व्रण असलेल्या एका माणसाची अशी चेहऱ्याची भांडी आहेत, पोरवयापासून तिशीपर्यंतची. ती सगळी एकाच माणसाची आहेत हे पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डोनन यांनी जुळवून दाखवलं. अशा चेहऱ्यांपैकी काही लोक एका भांड्यावर मुकुट घालून बसलेले दिसतात आणि दुसऱ्यावर गळ्यात दोर, अंगावर कपडा नाही, हात मागे बांधलेले.

आमचा साचा पीओपीचा. माती पोळीपेक्षा जराशी जाड लाटून दोन्ही अर्ध्यांत दाबली, कडांवर सुईने चरे पाडून पातळ मातीने जोडली. आतून हात घालायला जागाच उरत नाही, त्यामुळे आतल्या सांध्याची वळी तशीच राहते. फुटलेल्या मोचे भांड्यांच्या तुकड्यांत ती आतल्या बाजूला बोटाला लागावी अशी दिसते. नळ्या गुळगुळीत काठीभोवती लाटून केल्या, काठीला आधी राख फासली म्हणजे माती चिकटत नाही. नळीला बाक देण्याची वेळ महत्त्वाची. लवकर वाकवली तर चपटी होते, उशिरा वाकवली तर बाहेरच्या बाजूने केसाएवढी चीर जाते आणि ती भाजल्यावरच दिसते. जून महिन्यात हवेतला दमटपणा असा की नळ्या वाळायचं नावच घेत नाहीत, म्हणजे वाकवायला भरपूर वेळ मिळतो. पावसाचा एवढाच काय तो उपकार.

जोडल्यावर बाटली हातात धरली तर कमानीत चार बोटं अचूक बसली. लटकवून न्यायला उत्तम.

२४ जून

तिसऱ्या फलकाचं चित्र. यावर सगळ्यात जास्त वेळ जाणार हे माहीत होतं आणि गेलाही.

उत्तर काळातल्या मोचे बाटल्यांवर फिक्या मातीच्या पातळ अस्तरावर तांबड्या बारीक रेषांनी चित्रं काढलेली असतात. दोनच रंग, दोन्ही मातीचेच. चित्र गोल पोटाभोवती फिरतं, एका नजरेत कधीच दिसत नाही. डोना मॅक्लेलंड यांनी अशा शेकडो बाटल्यांवरची चित्रं सपाट कागदावर उलगडून काढली. त्यामुळे अभ्यास सोपा झाला, पण गंमत अशी की मोचे माणसाने ते चित्र असं सपाट कधीच बघितलं नसणार. त्याला बाटली फिरवावी लागे किंवा स्वतः फिरावं लागे. म्हणून आपल्या फलकावर उलगडलेलं चित्र आणि खाली फिरणाऱ्या पाटावर प्रतिकृती, दोन्ही हवं.

दृश्य असं. वरच्या पट्ट्यात डावीकडे एक पुरुष, डोक्यावर अर्धचंद्राचा मुकुट, खांद्यांतून किरण निघालेले. त्याच्या हातात उंच पायाचा प्याला. समोर घुबडाच्या चोचीचा, पंखांचा अर्धमानव. त्याच्यामागे एक स्त्री, तिच्या शिरोभूषणाला पिसांचे मोठे झुबके, वेण्यांची टोकं सापाची. तिच्याही हातात वाडगा. खालच्या पट्ट्यात बांधलेले नग्न कैदी आणि त्यांचे गळे कापणारे प्राणिमुखी सेवक. वर आणि खाली यांच्यामध्ये दुतोंडी साप आडवा. प्याल्यात काय आहे ते खालचा पट्टा सांगतो.

डोनन यांनी १९७० च्या दशकात अशी अनेक चित्रं शेजारी ठेवून दाखवलं की हे एकाच विधीचे भाग आहेत. काही भांड्यांवर पूर्ण दृश्य, काहींवर फक्त घुबडमानव, काहींवर नुसता प्याला. आपल्याकडे नुसता धनुष्यबाण आणि सोनेरी हरीण काढलं तरी कुठली गोष्ट ते सांगावं लागत नाही. पण तेव्हा बहुतेक अभ्यासक हे सगळं पुराणकथेतलं समजत होते. देव पितात, माणसं नाहीत.

२७ जून

चौथा फलक, थडगी.

१९८७ च्या फेब्रुवारीत सिपान गावाजवळच्या एका मातीच्या टेकाडात चोरांनी सोनं काढलं आणि त्यातून बोभाटा झाला. लाम्बायेकेच्या ब्रुनिंग संग्रहालयाचे प्रमुख वाल्तेर अल्वा यांनी तिथे उत्खनन सुरू केलं आणि न लुटलेलं थडगं हाती लागलं. त्यातल्या पुरुषाचा अर्धचंद्र मुकुट, कानातली मोठी कर्णफुलं, कमरेमागची धातूची पाटी, हातातला राजदंड या गोष्टी भांड्यांवरच्या किरणवाल्या माणसाशी एकेक करून जुळल्या. जवळच्याच दुसऱ्या थडग्यात घुबडाच्या मुकुटाचा माणूस. आणि १९९१ मध्ये हेकेतेपेके खोऱ्यात सान होसे दे मोरो इथे डोनन आणि लुईस हाइमे कास्तियो यांना स्त्रीचं थडगं मिळालं. तिच्या वेताच्या पेटीवर तांब्याचा मुखवटा आणि तांब्याचे हातपाय जोडलेले, जणू पेटीच उठून चालेल, आणि मुकुटाचे ते दोन मोठे झुबके, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे. थडग्याच्या कोपऱ्यात मोठ्या परातीत वाडगे आणि एक उंच प्याला.

त्या प्याल्यावरही चित्र आहे, आणि त्या चित्रात गदा आणि ढाली हातपाय फुटून तसल्याच प्याल्यातून पिताना दाखवल्या आहेत.

म्हणजे चित्रातली तिन्ही पदं खऱ्या माणसांनी भूषवलेली होती, शिवाय एकापेक्षा जास्त पिढ्यांत. सिपानचं थडगं आणि मोरोचं थडगं यांच्यात काळाचं बरंच अंतर आहे. पद तेच, माणूस बदललेला. फलकावर इथे बाण काढून चित्र आणि थडगं जोडायची सूचना आली होती. मी नको म्हटलं. दोन्ही मोठ्या आकारात शेजारी लावू, बघणारा आपण जोडेल.

३ जुलै

प्याल्यातल्या रक्ताबद्दल काय लिहायचं यावर स्टुडिओत वाद. ताईंचं म्हणणं, शाळेची मुलं येणार आहेत, ‘पेय’ लिहा. माझं म्हणणं, मुलांना सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं.

पुरावा आहे तो असा. १९९५ पासून वाका दे ला लूनाच्या मागच्या चौकात स्टीव्ह बोर्जे यांनी उत्खनन केलं. खडकाच्या पायथ्याशी चिखलाच्या थरांत सत्तरहून अधिक पुरुषांची हाडं निघाली. जॉन व्हेरानो यांनी हाडं तपासली. मानेच्या मणक्यांवर कापल्याच्या खुणा, शिवाय कित्येकांच्या हाडांवर बऱ्या झालेल्या जुन्या जखमा, म्हणजे लढवय्ये. माश्यांच्या कोशांवरून कळलं की देह पुरले नव्हते, उघड्यावर सोडले होते. आणि तो चिखल एल निन्योच्या पावसाचा. जिथे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही, तिथे असा पाऊस झाला की कालवे वाहून जातात आणि कच्च्या विटांचे चौथरे विरघळू लागतात.

त्याच चौकात नग्न बसलेल्या कैद्यांच्या मातीच्या मूर्ती मिळाल्या. मोठ्या, अंगभर नक्षी काढलेल्या, गळ्यात दोर असलेल्या. सगळ्या फोडलेल्या आणि एकही भाजलेली नव्हती. इतक्या निगुतीने मूर्ती करायची आणि भट्टीत घालायचीच नाही, हे कुंभाराच्या डोक्यात पटकन बसत नाही. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पावसात जायलाच केली असंल.” कोणी अभ्यासकाने हेच म्हटलं आहे का मला ठाऊक असायची गरज वाटली नाही. कच्च्या मातीला पाऊस काय करतो हे त्यांच्याइतकं इथे कोणी बघितलेलं नाही.

एका मोचे प्याल्यावरच्या अवशेषांत मानवी रक्ताची खूण सापडल्याचं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. एका प्याल्यावरून सगळे प्याले रक्ताचे ठरत नाहीत. रोजच्या आणि सणाच्या भांड्यांत मुख्यतः चिचाच असणार, मक्याची आंबवलेली बिअर. मजकूर ठरला: ‘चित्रांत या प्याल्यात कैद्यांचं रक्त आहे. विधी प्रत्यक्ष होत असे, याचे पुरावे थडग्यांत आणि वाका दे ला लूनाच्या चौकात मिळाले.’ ताईंनी मान डोलावली, फलक जरा उंचावर लावू म्हणाल्या.

१० जुलै

हातपाय फुटलेल्या गदा आणि ढाली डोक्यातून जात नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी अर्धा फलक काढला.

वाका दे ला लूनाच्या भिंतीवर असंच एक चित्र होतं. शस्त्रं, शिरस्त्राणं, पट्टे, सगळ्यांना पाय फुटलेत आणि ती माणसांना पकडून नेताहेत. बाटल्यांवरही हा प्रसंग आहे. आणि साधारण १६०८ च्या सुमारास लीमामागच्या डोंगराळ वारोचिरीमध्ये केचुआ भाषेत लिहून घेतलेल्या कथांमध्ये येतं की सूर्य मेला, पाच दिवस अंधार पडला, तेव्हा पाटे आणि उखळं माणसांना खायला निघाली आणि लामा (उंटाच्या कुळातले पाळीव प्राणी) माणसांच्या मागे लागले. दोन्हींत जवळपास हजार वर्षांचं अंतर, प्रदेश वेगळा, भाषा वेगळी. हा धागा सरळ आहे असं म्हणणं धाडसाचं. पण वापरातली वस्तू आज्ञेत आहे तोवर ठीक, एरवी तिला स्वतःची मर्जी आहे, ही समजूत दोन्हीकडे दिसते.

याच्या उजेडात भांडी परत बघितली. किती बाटल्यांना चेहरा आहे, पोट आहे, कान आहेत! आपण म्हणतो, बाटली माणसाच्या आकाराची. मोचे कुंभार कदाचित म्हणत असेल, हा माणूस आहे आणि त्याच्यात चिचा भरली आहे.

प्रतीकं शोधताना माणूस वाहवत जातो, त्याचंही एक उदाहरण फलकावर ठेवतोय. काही बाटल्यांवर हातात पिशव्या घेऊन धावणारे लोक आहेत आणि अवतीभवती ठिपके-रेघांच्या वालपापडीसारख्या बिया. या बिया म्हणजे लिपी आहे, धावणारे निरोप्ये ती नेताहेत, असं लार्कोंनी मोठ्या हिरिरीने मांडलं. ते मान्य झालं नाही. त्या बिया विधीतल्या खेळाच्या असाव्यात, हे मला जास्त पटतं. पण ज्या माणसाने आयुष्य या भांड्यांत घातलं, त्याला प्रत्येक ठिपका बोलताना दिसला तर नवल नाही.

१६ जुलै

भट्टी उघडली. अस्तर छान बसलं आहे, घोटलेल्या भागाला मंद चकाकी. नळीला चीर नाही.

पाणी भरून बघितलं. आधी भरणंच कठीण, तोटीतून पाणी आत जाताना हवा त्याच तोटीतून बाहेर यायला बघते आणि थुंकते. बारीक धार धरली, बाटली जरा कलती ठेवली की पाणी एका नळीतून उतरतं आणि हवा दुसरीतून चढते. ओततानाही तेच, खालची नळी पाण्याची, वरची हवेची, दोघींचं तोंड मात्र एकच, त्यामुळे धार गुटगुट करत येते. हिंदकळून पाणी सांडत नाही आणि एवढ्याशा तोंडातून उडूनही फारसं जात नसणार. वाळवंटात याला किंमत आहे. पण घाईत कोणाला पाजायचं असेल तर ही बाटली निरुपयोगी. हिच्यातून ओतणारा सावकाशच ओतणार आणि समोरचा थांबणार.

दोन नळ्या एक होतात यात द्वैताचं, दोन प्रवाहांच्या संगमाचं प्रतीक आहे, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. कल्पना देखणी आहे आणि डोंगराळ केचुआ समाजात जोडीचं, संगमाचं महत्त्व खरोखरच आहे. पण ती कल्पना पुढच्या काळातून आणि डोंगरांतून उचलून किनाऱ्यावरच्या मोचेंना चिकटवायची तर हातात काहीतरी हवं. फलकावर ते वाक्य नाही घेतलं. त्याऐवजी बाटली पाणी भरून ठेवायची आणि लोकांना ओतू द्यायचं.

२४ जुलै

दुसरी प्रतिकृती, शिट्टीची. ही मोचेंची मक्तेदारी नाही. इक्वाडोरच्या चोर्रेरा लोकांपासून पेरूच्या विकूस आणि चिमूंपर्यंत ती पसरलेली आहे.

दोन बाटल्या, खालून नळीने जोडलेल्या. एकीला उघडी तोटी, दुसरी वरून बंद आणि तिच्या डोक्यावर पक्षी किंवा माणूस. त्या पक्ष्याच्या पोटात सुपारीएवढा पोकळ गोळा, त्याला एक भोक आणि भोकाच्या कडेवर नेमकी हवा मारणारी फट. अर्धं पाणी भरून भांडं कलतं केलं की पाणी बंद बाटलीत शिरतं, तिथली हवा फटीतून बाहेर पडते आणि पक्षी बोलतो. तोंडाने फुंकायची गरज नाही. पाण्याची सपाटी थांबली की आवाज थांबतो.

गोळ्याची फट केसभर सरकली तरी नुसता फुस्स आवाज. माती लेदरहार्ड, म्हणजे अर्धवट वाळून चामड्यासारखी घट्ट असताना फुंकून जमवली. वाळताना आणि भाजताना माती आकसते, त्यामुळे सूर वर चढतो, तेवढं धरून गोळा मोठा घेतला. कलतं केल्यावर आलेला आवाज अखंड नाही, हेलकाव्याने तुटत येतो, ऐकणाऱ्याला खरंच पक्षी वाटावा असा. काकांनी भांडं हातात घेतलं ते जेवणाची सुट्टी होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

३१ जुलै

पाचवा फलक मोचेंच्या बाहेरचा: फोडणं. थोडक्यात, पण हवाच. पेरूतल्या आयाकुचोजवळ कोंचोपाता इथे १९४२ मध्ये पुरातत्त्वज्ञ हुलिओ तेयो यांना आणि पुन्हा १९७७ मध्ये ‘वारी’ नावाच्या प्राचीन अँडीज लोकांचे प्रचंड रांजण मिळाले. दोन्ही हातांत दंड धरलेल्या देवाचं चित्र, तितिकाकाजवळच्या तिवानाकू या प्राचीन शहरातल्या सूर्यदारावर आहे तेच, आणि रांजण मुद्दाम फोडून पुरलेले. तितिकाकामधल्या पारिती बेटावर २००४ मध्ये खड्ड्यांत अशीच फोडलेली तिवानाकू भांडी निघाली, तुकडे जुळवले तर जवळपास पूर्ण होणारी. चांगलं रंगवायचं, त्यातून प्यायचं आणि फोडून जमिनीला द्यायचं.

इंका काळातली एकच गोष्ट इथे जोडली. राजवंशातल्या तितु कुसी यांनी १५७० मध्ये नोंदवून ठेवलेल्या हकिकतीत आहे की इंका राजा अताहुआल्पाने स्पॅनिश लोकांना सोन्याच्या पेल्यात चिचा दिली आणि त्यांनी ती ओतून टाकली, त्याचा राग धरून त्याने पुढे त्यांचा मान ठेवला नाही. अँडीजमध्ये पेले जोडीने करत, एक देणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. त्यातला एक जमिनीवर ओतला म्हणजे काय केलं, ते ओतणाऱ्याला कळलंच नसेल.

५ ऑगस्ट

छपाईला मजकूर गेला. शेवटच्या तपासणीत एक ओळ वाढवली, प्रत्येक मूळ भांड्याच्या फोटोखाली: ‘उत्खननातून’ किंवा ‘सापडल्याची जागा माहीत नाही’. जगभरच्या संग्रहालयांतली बहुतांश मोचे भांडी दुसऱ्या प्रकारची आहेत, थडगी लुटणाऱ्यांनी काढून विकलेली. ओळीने लावून बघितलं तर आमच्या निवडीतही तीच जास्त निघाली. रचनाकार म्हणाला, एकच ओळ इतक्यांदा वाईट दिसेल. दिसू दे.

फिरता पाट सुताराकडून यायचा आहे. ओतायच्या बाटलीखाली परात आणि शेजारी फडकं ठेवायचं, कारण पहिल्याच दिवशी जमीन ओली होणार. शिट्टीचं भांडं मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर. काका म्हणतात फुटलं तर अजून एक करून ठेवू, साचा आहेच.